पणजीत नव्याने राहायला आलोय. माटोळीचं सगळं सामान बाजारातून विकत आणलं तर चालतं का? किती आणावं?

चालतं. माटोळी म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, मूर्तीच्या वर टांगायची, फळं-फुलं-पाल्याने भरलेली लाकडी चौकट. दाराशी रान नाही त्याने दुसरं करायचं काय? "विकतची माटोळी म्हणजे देवाचा बाजार" असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. सत्तरी, सांगे, काणकोणच्या बायका पावसात रान पालथं घालून हे सगळं म्हापसा, पणजी, फोंड्याच्या बाजारात आणतात. त्याच पैशांत त्यांच्या घरची चवथ होते. विजेच्या माळा सांगतील त्या भावाने घेणारी माणसं रानातल्या कांगलांच्या जुडीवर दहा रुपयांसाठी हुज्जत घालतात, हे मला पटत नाही.

नारळाची पेंड, म्हणजे नारळांचा घोस, आणि सुपारीचा घड दोन दिवस आधी घ्या. कांगलां, कवंडळं, घागऱ्यो, हरणां ही रानातली फळं-फुलं आणि आंब्याची डहाळी आदल्या दिवशी सकाळी, नाहीतर माना टाकतात. चिबूड अर्धकच्चा बघा. पिकलेला उकाड्यात तडकतो आणि रस सरळ मूर्तीवर गळतो. गणपती दीड दिवसाचा असेल तर केळ्यांचा घड पिवळा पडू लागलेला चालेल, पाच दिवसांचा असेल तर पूर्ण हिरवाच. पिकलेली केळी देठातून सुटतात.

पण खरी चूक होते ती टांगण्यात. पर्वरीच्या एका फ्लॅटमध्ये चवथीच्या रात्री माटोळी खाली आली. मूर्ती वाचली, समई गेली. सकाळी पाहिलं तर हुक खोट्या छताच्या जिप्समात मारलेला, पेंड आणि केळ्यांचा घड दोन्ही पुढच्या बाजूला आणि दोरी नायलॉनची. न सोललेला नारळ किलोच्या वर भरतो, केळ्यांचा घड दहा-बारा किलोंचा. तीन फूट बाय दोन फुटांची चौकटसुद्धा भरली की तीस किलो सहज होतात. हुक स्लॅबमध्येच हवेत, चार कोपऱ्यांना चार. जड वस्तू आधी बांधा: घड मधोमध, पेंडी समोरासमोर, मग हलक्या वस्तू. नायलॉनची गाठ भाराने सरकते. केवणीचा, म्हणजे मुरुडशेंगेच्या सालीचा, दोर घ्या, पण बांधण्याआधी पाण्यात भिजवा. कोरडा गाठीत तुटतो.

तेव्हा किती आणायचं ते हुक ठरवतील. गोवा सरकारच्या कला आणि संस्कृती संचालनालयाच्या माटोळी स्पर्धेत शेकडो प्रकार लागतात, ते बघून घरी तसं करायला जाऊ नका.

आमचे भावोजी दरवर्षी म्हणतात, प्लास्टिकची फळं एकदाच घ्या, खर्च नको आणि कचरा नको. कचरा कसला? विसर्जनानंतर नारळ स्वयंपाकघरात जातात, केळी-चिबूड शेजारी वाटतात, उरलेला पाला झाडाच्या बुंध्याशी. त्या मोसमात आपल्या रानात जे पिकतं ते देवापुढे टांगायचं, एवढीच माटोळी. प्लास्टिकला मोसम नाही, मग ती माटोळीही नाही. भावोजींना हे मी तोंडावर सांगितलंय.

मात्र बाजारातलं सगळंच डोळे मिटून घेऊ नका. कळलावी कंदासकट उपटलेली दिसली तर ती घेऊ नका, त्या जागी पुढच्या वर्षी वेल उगवणार नाही. शिवाय ती विषारी आहे, कंद तर फारच, आणि कवंडळही खायचं फळ नव्हे. घरात लहान मुलं असतील तर ही दोन्ही मधोमध, उंच बांधा आणि उतरवताना वाटण्याच्या फळांत मिसळू देऊ नका.