बुडखा आत्ता काढू नका, ताई

प्रश्न : नाशिकमध्ये इंदिरानगरला आमचा जुना बंगला आहे. मी निवृत्त शिक्षिका, यजमान अंथरुणाला खिळलेले. कंपाउंडलगतच्या कडुनिंबाच्या फांद्या शेजाऱ्यांच्या गच्चीवर जात होत्या, म्हणून झाडं छाटणाऱ्या एका ठेकेदाराला बोलावलं. 18 हजार ठरले, 10 हजार यूपीआयने आगाऊ दिले. ‘परवानगीचं आम्ही बघतो’ असं तो म्हणाला. कामाच्या दिवशी मी यजमानांना घेऊन दवाखान्यात गेले होते. परत आले तर झाडच पाडलेलं! कमरेएवढा बुडखा उरला होता आणि तो उपटायला आणलेल्या जेसीबीने शेजाऱ्यांची भिंत पाडली होती. लाकूड टेम्पोत भरून नेलं. महिना होत आला, ठेकेदार फोन उचलत नाही. महापालिकेच्या उद्यान विभागाने सात दिवसांत खुलासा मागितला आहे. शेजारी भिंतीचे 60 हजार मागतात. दुसरा एक जण मशीनने बुडखा काढून द्यायला तयार आहे. बुडख्याला कडेने तांबूस पालवी फुटली आहे, पण रोज ते बघवत नाही. काढून टाकू का? आणि या सगळ्यात दोष कुणाचा?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाआधी बुडख्याचं बोलते, कारण घाई तिथे आहे. तो काढू नका. आज तुमच्या बाजूने बोलणारा तोच एक साक्षीदार आहे. नोटीस हातात असताना तुम्ही तो काढलात, तर पुरावा नाहीसा केल्याचा संशय तुमच्यावर येईल, आणि तो निस्तरणं मूळ प्रकरणापेक्षा जड जाईल.

आधी त्याचे फोटो काढा. वरून, चारही बाजूंनी, आणि शेजारी मोजपट्टी धरून. कापलेला भाग नीट पाहा. मधे पोकळी आहे का, लाकूड काळं पडलंय का, भुसा गळतोय का? झाड किडलेलं, वाळलेलं किंवा जीवितास धोकादायक असेल तर परवानगी देण्याचा विचार कायद्यातच आहे. परवानगी न घेतल्याचा दोष त्याने पुसला जात नाही, पण अधिकाऱ्याचा दृष्टिकोन बदलतो. लाकूड आतून घट्ट आणि निरोगी असेल, तर तेही तसंच सांगा. ‘वादळात पडलं’ असं लिहायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. करवतीचा सपाट काप वादळाचा नसतो, हे पाहणीला येणाऱ्याला पहिल्या नजरेत कळतं. बुंध्याचा घेरही मोजून ठेवा. 2021 च्या दुरुस्तीनंतर झाडाच्या वयाइतकी झाडं बदल्यात लावण्याची अट आली आहे, आणि वयाचा अंदाज बांधताना घेर बघावाच लागतो. पन्नास वर्षं वा त्याहून जुनं झाड तर वारसा वृक्षात मोडतं. बंगला बांधला तेव्हा रोप लावलं असेल आणि तेव्हाचा एखादा घरगुती फोटो असेल, तर तो शोधा.

आता दोष. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 हा कायदा तुमच्या अंगणातल्या झाडालाही लागू आहे. झाड आपलं, जागा आपली, म्हणून ते आपल्या मर्जीने पाडता येत नाही. आणि हा कायदा करवत चालवणाऱ्यावर थांबत नाही. झाड पाडणारा आणि पाडायला लावणारा, दोघंही त्याच्या कक्षेत येतात. ठेकेदाराकडे बोट दाखवून तुम्हाला पूर्ण मोकळं होता येणार नाही, हे मन घट्ट करून स्वीकारा. ‘झाड तोडणे’ याची व्याख्याही रुंद आहे, झाडाला इजा पोचवणं त्यात येतं. म्हणून मोठ्या छाटणीलाही उद्यान विभागाची लेखी परवानगी घ्यायला हवी होती. तोडीची परवानगी असती तर झाडावर नोटीस चिकटवली गेली असती, वर्तमानपत्रात जाहीर झाली असती, लोकांना हरकती घेता आल्या असत्या. तुमच्या कडुनिंबावर असा कागद कधी लागलाच नाही. 2025 च्या अखेरीस शहरातल्याच तपोवनातली झाडं तोडू नयेत म्हणून नाशिककर रस्त्यावर उतरले होते. अशा शहरात बिनपरवाना तोडीची तक्रार कुणी सहज बाजूला ठेवणार नाही.

पण तुमची बाजू कमजोर नाही. तुम्ही छाटणी सांगितली होती, तोड नाही. हे सिद्ध कशाने होणार? ठेकेदाराशी झालेल्या व्हॉट्सअॅप संदेशांनी. ‘गच्चीवरच्या फांद्या’, ‘फक्त वरचा भाग’ असं काही लिहिलेलं असेल तर तो तुमचा आधार. फोन बदलू नका, संदेश पुसू नका. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 प्रमाणे असा पुरावा प्रमाणपत्रासह द्यावा लागतो, ते तुमचा वकील तयार करील. दवाखान्यातल्या त्या दिवसाच्या पावतीवर तारीख आहे. तीही जोडा, तोडीच्या वेळी तुम्ही घरी नव्हता हे त्यावरून दिसेल.

खुलासा सात दिवसांच्या आत, साध्या मराठीत, खरं तेच लिहून द्या. छाटणी सांगितली होती, परवानगीची प्रत मागायला हवी होती ती मागितली नाही, तोड माझ्या अपरोक्ष झाली, बदली झाडं लावायला मी तयार आहे. या चार गोष्टी पुरेत. ठेकेदाराचं नाव, फोन नंबर, यूपीआयवर दिसणारं नाव, आणि शेजाऱ्यांच्या कॅमेऱ्यात टेम्पोचा नंबर सापडला तर तोही द्या. पालवीचा उल्लेख मात्र विसरू नका. कडुनिंब कापल्यावर बुडख्यातून जोमाने फुटतो. ती तांबूस कोवळी पानं म्हणजे मुळं जिवंत आहेत. जेसीबीने उघडी पडलेली मुळं मातीने झाकायची आणि हे झाड पुन्हा वाढू द्यायचं, अशी विनंती खुलाशातच करा आणि अधिकाऱ्याला पाहणीला बोलवा. अशिलाला सहसा कागदांबद्दलच सल्ला देते मी, पण पाहणी होईपर्यंत बुडख्याला रोज बादलीभर पाणी घाला.

भिंतीचं थोडक्यात. स्वतंत्र ठेकेदाराच्या निष्काळजीपणाबद्दल मालक एरवी जबाबदार नसतो. पण शेजाऱ्याच्या हद्दीला खेटून जेसीबी लावण्यासारखं जोखमीचं काम असेल, तर न्यायालय मालकाला सहजासहजी सोडत नाही. 60 हजार हा शेजाऱ्यांचा आकडा आहे. दोघांनी मिळून एखाद्या अभियंत्याकडून लेखी अंदाज घ्या. वर्षानुवर्षं समोरासमोर राहायचंय, तेव्हा मला विचाराल तर भिंत बांधून द्या. मात्र ‘ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क राखून’ ही ओळ कागदावर हवीच. जेसीबीचा मालक कोण आणि त्याचा विमा होता का, हेही काढा.

ठेकेदाराला वकिलामार्फत स्पीड पोस्टने, पोचपावतीसह नोटीस पाठवा. आगाऊ रक्कम, भिंतीचा खर्च, नेलेल्या लाकडाची किंमत, सगळं मागा. दाद दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीची तक्रार करा. मुदत दोन वर्षांची आहे, आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. तिथे तो म्हणेल, ‘यांनीच तोडायला सांगितलं.’ बेकायदा कामाच्या कराराला भारतीय करार अधिनियमाचं कलम 23 संरक्षण देत नाही, त्यामुळे त्याचं म्हणणं टिकलं तर तुमचे पैसेही अडकतील. म्हणून ते छाटणीचे संदेश पुन्हा सांगते, जपा.

उद्या अधिकाऱ्याने बुडखा काढायला लेखी परवानगी दिलीच, तर जेसीबी नको. बुडखा किसायचं वेगळं मशीन (स्टंप ग्राइंडर) तो वरून किसत जमिनीखाली वीत-दीड वीत जातं, मुळं ओढत नाही, त्यामुळे पाया आणि पाण्याची लाइन वाचते. येणाऱ्याकडून तुमच्या नावाच्या परवानगीची प्रत हातात घेतल्याशिवाय काम सुरू करू देऊ नका. किती खोल काढणार, लाकूड कुणाचं, राडारोडा कोण उचलणार, माणूस जखमी झाला तर कुणाची जबाबदारी, हे कागदावर घ्या, आणि निम्म्याहून जास्त रक्कम काम संपल्यावरच द्या.

खुलासा द्यायला जाताना दोन प्रती न्या आणि तुमच्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घेऊनच परत या.