तीन वेळा मागितलं तरी काटा राहिलाच

बाळा,

प्रभूमध्ये सलाम. तुझा मेसेज रात्री दोनदा वाचला. ईस्टरच्या उपासनेत गाता गाता श्वास अडकला, माईक तसाच ठेवून तू बाहेर गेलास आणि तेव्हापासून चर्चला फिरकलाच नाहीस. डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्यात हेही घरच्यांशिवाय कुणाला माहीत नाही. ते सगळं समजलं रे, पण शेवटी तू लिहिलंयस ना, "काका, माझा विश्वासच कमी पडतो म्हणून असं होतं", ते काही डोक्यातनं जाईना.

बायबलमधलं करिंथकरांस दुसरं पत्र काढ, १२ वा अध्याय. ते लिहिणाऱ्या प्रेषित पौलाच्या शरीरात काटा होता. कसला ते त्याने सांगितलंच नाही, लोक आपापले अंदाज करतात, पण मला वाटतं नाही सांगितलं तेच बरं झालं, तिथे आपापला काटा ठेवता येतो. तो निघावा म्हणून त्याने तीन वेळा विनंती केली. नाही निघाला. प्रभूकडून उत्तर काय आलं, तर "माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते." आता विश्वास कमी म्हणून दुखणं राहतं असं असेल तर पौलाचाही विश्वास कमी होता म्हणायचं का?

आणि त्याच पत्रात १० वा अध्याय बघ, करिंथातले काही लोक त्याच्याबद्दल म्हणायचे की पत्रं वजनदार असतात पण माणूस समोर आला की अशक्त, आणि बोलणं तर अगदीच टाकाऊ. म्हणजे लोकांसमोर उभं राहण्यावरून त्यालाही ऐकून घ्यावं लागलं. मग ११ व्यात तो म्हणतो बढाई मारायचीच तर माझ्या दुबळेपणाची मारीन, आणि सांगतो काय, तर दिमिष्क (दमास्कस) शहरात पकडायला माणसं टपली होती तेव्हा मला पाटीत, म्हणजे टोपलीत बसवून भिंतीवरून खाली सोडलं. एवढा मोठा प्रेषित आणि पाटीत! दोर धरणारे कोण होते त्यांची नावंसुद्धा तिथे नाहीत.

माझं सांगतो. माझा उजवा हात थरथरतो हे मी दोन वर्षं लपवलं, कायम खिशात. एकदा प्रभुभोजनाच्या वेळी, मंडळीला द्राक्षारस वाटताना, ट्रे माझ्याकडे होता, छोटे पेले एकमेकांवर किणकिणायला लागले, सगळी मंडळी शांत, फक्त तोच आवाज, आणि एक पेला पांढऱ्या कापडावर सांडला. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या एक आजी उठल्या, काही न बोलता ट्रेला खालून हात लावला आणि शेवटच्या ओळीपर्यंत माझ्यासोबत चालल्या. हात आजही थरथरतो. पण त्या दिवशी मी जसं प्रभुभोजन घेतलं तसं आधी तीस वर्षांत कधी घेतलं नव्हतं, खरंच सांगतो.

म्हणून दुखणं चांगलंच असतं असं मी म्हणत नाही हं, दुखणं ते दुखणंच. गोळ्या अजिबात बंद करू नकोस, कुणी विश्वासाच्या नावाखाली सांगितलं तरी नाही. पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य वरचेवर आजारी पडायचा, त्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून लिहिलं, विश्वास वाढव म्हणून नाही लिहिलं. सगळ्या मंडळीसमोर साक्ष द्यायचीही गरज नाही, एकाच माणसाला सांग, ज्याच्यापुढे रडता येईल अशा. प्रार्थना सुचत नसेल तर गेथशेमाने बाग आठव, पकडलं जाण्याआधी प्रभूने तिथे तेच शब्द पुन्हा म्हणून प्रार्थना केली आणि शिष्यांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा. त्यालाही सोबत हवी होती रे.

रविवारी मी साडेआठला जातो, मागच्या दाराजवळच्या बाकावर बसतो. तुझ्यासाठी कडेची जागा धरून ठेवतो, मध्येच उठून बाहेर जावंसं वाटलं तर जा, मी पण येईन बाहेर. गायचं नाही, नुसतं बसू.

तुझा,
काका