कॉम्प्युटरवर व्हीआर (आभासी दुनियेचे) गेम चालवणाऱ्या स्टीमव्हीआर सॉफ्टवेअरच्या चाचणीत बाण हिरव्या ‘रेडी’वर आला. मग लॅपटॉपवर व्हीआर नक्की चालेल का?

चालेल, पण त्या हिरव्या बाणाच्या भरवशावर राहू नका.

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉपमध्ये ४ जीबी मेमरीचं आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड आहे, रॅम १६ जीबी, आणि मामेभाऊ मे महिन्यात अमेरिकेहून अकोल्याला येताना क्वेस्ट ३ हा मेटा कंपनीचा व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावायचा) आणणार आहे. हेडसेट हातात नसताना खात्री करायची म्हटलं की बहुतेक जण तुमच्यासारखंच करतात: स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून फुकटची परफॉर्मन्स टेस्ट उतरवायची, पोर्टल गेमच्या दुनियेतलं ते रोबो-दुरुस्तीचं दृश्य दोनेक मिनिटं बघायचं आणि बाण हिरव्यात गेला की खूश.

अडचण अशी की स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने ही चाचणी फेब्रुवारी २०१६ मध्ये काढली, एचटीसी व्हाइव्ह हा हेडसेट बाजारात यायच्या तोंडावर. त्या हेडसेटमध्ये दोन्ही डोळ्यांचं मिळून २१६० गुणिले १२००, म्हणजे साधारण २६ लाख पिक्सेल. क्वेस्ट ३ मध्ये एकेका डोळ्यासाठीच २०६४ गुणिले २२०८ आहेत, दोन्ही मिळून ९१ लाख. चाचणीला यातलं काही माहीत नाही. ती ‘रेडी’ म्हणते ते २०१६ च्या हिशोबाने.

म्हणून ती टाकाऊ ठरत नाही, फक्त बाण सोडून त्याखालच्या ओळी वाचा. एक असते सरासरी फिडेलिटी, म्हणजे चित्राचा दर्जा, जी फार फार तर ११ पर्यंत जाते. कार्डावर ताण आला की ही चाचणी फ्रेम (हलत्या चित्रातलं एकेक चित्र) सोडत नाही, चित्राचा दर्जा उतरवते. किती उतरवावा लागला ते या आकड्यावरून कळतं. हल्लीची चांगली डेस्कटॉप कार्डं सरळ ११ गाठतात. तुमचा आकडा सात-आठच्या आसपास असेल, तर कार्ड २०१६ च्या चित्रालाच दमतंय असं समजा. दुसऱ्या ओळीत सेकंदाला ९० च्या वेगाखाली गेलेल्या फ्रेम असतात आणि तिसरीत प्रोसेसरमुळे अडलेल्या फ्रेम. या दोन्ही ठिकाणी शून्यच हवं. नसेल, तर आधी मागे अँटिव्हायरसचं स्कॅनिंग किंवा विंडोजचा अपडेट चालू नाही ना ते बघा, आणि मगच प्रोसेसरला दोष द्या.

शून्यासाठी एवढा आग्रह का? सेकंदाला ९० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद. हे मुंबईच्या लोकलसारखं आहे: बाराव्या मिलिसेकंदाला पोचलात तर एका मिलिसेकंदाचा उशीर होत नाही, गाडीच चुकते आणि पुढचीची वाट बघावी लागते. साध्या स्क्रीनवर गेम ५५ वर आला तरी आपण चालवून घेतो. हेडसेटमध्ये मान वळते आणि चित्र मागे राहतं, मग दहा मिनिटांत मळमळायला लागतं. सॉफ्टवेअर यावर तोड काढतं: गेमकडून निम्म्याच फ्रेम घेतं आणि मधल्या स्वतः बनवून भरतं. चालतं ते, पण हात जोरात हलवला की हाताभोवतीच्या कडा जेलीसारख्या थरथरतात. एकदा नजरेस पडलं की मग तेच दिसत राहतं.

आता लॅपटॉपचं. चार्जर लावूनच चाचणी घ्या. बॅटरीवर ग्राफिक्स कार्ड हात आखडता घेतं आणि निकालाला काही अर्थ उरत नाही. चाचणी चालू असताना टास्क मॅनेजर उघडून काम खरंच एनव्हिडियाचं कार्ड करतंय ना तेही बघा. काही लॅपटॉप ते इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर ढकलतात. आणि दोन मिनिटांत कुठलाच लॅपटॉप पुरता तापत नाही. अकोल्यात मे महिन्यात, दुपारी, कूलर नसलेल्या खोलीत, अर्धा-पाऊण तास एखादा जड गेम खेळा आणि लगेच पुन्हा चाचणी घ्या. आकडा पडला तर तोच तुमचा खरा आकडा. मला विचाराल तर एवढी एकच परीक्षा पुरेशी आहे.

मला काळजी आहे ती कार्डाच्या ४ जीबी मेमरीची. हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स हा २०२० चा गेम; तो किमान पातळीलाच ६ जीबी ग्राफिक्स मेमरी मागतो. ती भरली की उरलेला माल साध्या रॅममध्ये जातो आणि तिथून ये-जा करताना मध्येच झटके बसतात. सेटिंग खाली आणून काही गोष्टी निभावतील, स्टीमव्हीआर स्वतःही कार्ड बघून रिझोल्यूशन कमी करतं, पण चित्र मऊ आणि धूसर दिसेल. बीट सेबरसारखे हलके गेम मजेत चालतील. फ्लाइट सिम्युलेटर डोक्यातून काढून टाका.

चाचणी एका गोष्टीला हातच लावत नाही, ती म्हणजे चित्र हेडसेटपर्यंत जाण्याची वाट. व्हाइव्ह एचडीएमआयने जोडायचा. क्वेस्टला चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवावं लागतं, म्हणजे कार्डावर आणखी एक काम. वायफायने करणार असाल तर लॅपटॉप राउटरला लॅन केबलने जोडा, हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर ठेवा आणि राउटर त्याच खोलीत असू द्या. इथे इंटरनेटचा वेग किती यापेक्षा घरातल्या घरात राउटर कसा आहे ते महत्त्वाचं. डब्यात येणारी केबल चार्जिंगपुरतीच धरा. केबलने खेळायचं तर लांब, यूएसबी ३ ची घ्यावी लागेल. मामेभावाला कंपनीची महागडी लिंक केबल मात्र आत्ताच सांगू नका. आधी वायफायवर स्टीम लिंक, म्हणजे लॅपटॉपचं चित्र हेडसेटवर पाठवणारं अ‍ॅप, वापरून बघा. ते फुकट आहे.

हेडसेट मात्र बिनधास्त मागवा. क्वेस्ट ३ पीसीशिवायही चालतो, त्याचे गेम त्याच्यातच बसतात, त्यामुळे लॅपटॉप नापास झाला तरी पैसे वाया जात नाहीत. पण हेडसेट येतोय म्हणून नवा लॅपटॉप घ्यायची घाई नको. घेतलाच कधी, तर ८ जीबीच्या खालचं कार्ड नको, आणि त्याच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वॉटवर चालतं, तो आकडा दुकानदाराला विचारूनच घ्या.

आणि हो, खोलीत दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी जागा लागेल. मोजताना वरही बघा. हात वर केल्यावर पंखा लागत असेल तर बीट सेबर दुसऱ्या खोलीत.