सिमेट्रिक पार्ट कॅडमध्ये पूर्ण काढावा की अर्धा काढून मिरर करावा?

तुम्ही विचारलंय की बेअरिंग हाउसिंगचं (बेअरिंग बसतं त्या घराचं) कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये काढायचंय, दोन्ही बाजू सारख्याच आहेत, तर अर्धं काढून मिरर केल्यावर किती वेळ वाचेल?

वेळेचा हिशेब सोडा. मिरर करायचा तो प्रत्येक माप फाइलीत एकाच जागी राहावं म्हणून. कोल्हापुरात उद्यमनगरात अजूनही "मिरर म्हणजे आळस, पूर्ण काढलेलं मॉडेलच पक्कं" म्हणणारे जुने डिझायनर भेटतात. हे मत किती महागात पडतं ते मी एका हाउसिंगवर पाहिलंय.

त्या हाउसिंगचे दोन्ही बॉस (अंगावरचे गोल उंचवटे) वेगवेगळे काढले होते. बॉसचा व्यास ३०, त्यात १४ चं भोक, मध्यापासून अंतर ९६. पार्टीकडून रिव्हिजन आली, ९६ चं १०२ करा. भोकांचं स्केच बदललं, डावा बॉस बदलला, उजवा ९६ वरच राहिला. पॅटर्नवाल्याला (ओतकामाच्या साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याला) जाणाऱ्या फाइलीत मशिनिंगची भोकं सप्रेस केलेली, म्हणजे तात्पुरती बंद ठेवलेली असतात, त्यामुळे स्क्रीनवर नुसते दोन भरीव बॉस दिसले आणि सहा मिलिमीटरचा फरक कुणाच्याच लक्षात आला नाही. पॅटर्न झाला, शिरोलीच्या फाउंड्रीतून चाळीस नग ओतून आले. व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशिनवर) ड्रॉइंगप्रमाणे १०२ वर ड्रिल उतरलं, तेव्हा उजव्या बॉसला आतल्या अंगाला १४ मिमी भिंत आणि बाहेरच्या अंगाला फक्त २. सगळे नग भंगारात. यात ओतणाऱ्याची चूक नव्हती, पॅटर्नवाल्याचीही नव्हती, त्यांनी फाइलीत होतं तेच केलं. एकच बॉस काढून मिरर केला असता तर बदलायला आकडाही एकच असता.

आता करायचं कसं. पहिल्या स्केचच्या आधी ओरिजिन (मॉडेलचा शून्य बिंदू) ठरवा. तो बोअरच्या (बेअरिंगच्या मुख्य भोकाच्या) मध्यावर आणि सिमेट्रीच्या प्लेनवरच हवा. बेस एक्स्ट्रूड करताना (स्केचला जाडी देताना) मिड प्लेन घ्या, जाडी प्लेनच्या दोन्ही बाजूंना सारखी जाते, म्हणजे फ्रंट, राइट हे तयार प्लेन मिररला वापरता येतात, नवे करावे लागत नाहीत. स्केचमध्येच चाळीस रेषा मिरर करत बसू नका. स्केच जड होतं आणि एक रिलेशन (रेषांमधलं बांधलेलं नातं) तुटलं की सगळं लाल-पिवळं होतं. स्केच साधं ठेवा, मिरर फीचरचा (बॉस, रिब अशा एकेका भागाचा) किंवा बॉडीचा (अख्ख्या घनाकृतीचा) करा.

बॉडी मिरर करताना अर्ध्या भागाची सपाट बाजू प्लेनवर तंतोतंत बसलेली पाहिजे. ती रेषा माप टाकून जवळ आणू नका, कोइन्सिडंट करा, म्हणजे प्लेनवरच बांधून टाका. ०.०१ ची फट राहिली तरी दोन अर्धे मर्ज (एकजीव) होत नाहीत. मर्ज सॉलिड्स चालू ठेवा आणि नंतर ट्रीमधल्या सॉलिड बॉडीज फोल्डरमध्ये आकडा एकच आहे ना, ते बघा.

फिलेटचा (कडांच्या गोलाईचा) क्रम इथे फार महत्त्वाचा. आधी ड्राफ्ट (पॅटर्न साच्यातून सुटावा म्हणून भिंतींना दिलेला उतार), मग फिलेट. मधल्या प्लेनला न शिवणारे फिलेट मिररच्या आधी, प्लेन ओलांडणारे मिरर झाल्यावर. रिब (आधाराची पातळ भिंत) बरोबर मध्यावर येत असेल, तर १० मिमीच्या रिबची अर्धी बाजू ५ मिमीच काढा आणि कापलेल्या कडेला फिलेट देऊ नका, नाहीतर रिबच्या मधोमध खाच पडते. बाहेरचा आकार स्प्लाइनने (मुक्त वक्ररेषेने) काढलाय? मग प्लेनवर त्याची स्पर्शिका काटकोनात हवी. ते चुकलं तर मध्यावर बारीक कड उठते. पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा तपासणाऱ्या झेब्रा स्ट्राइप्स लावल्या की पट्टे तिथेच मोडलेले दिसतात.

ऑइल होल, ड्रेन प्लग, कास्टिंग नंबर हे सगळं मिररच्या नंतर. अक्षरं मिररमध्ये सापडली तर उलटी होतात, आणि हेलिक्सने काढलेला उजवा आटा डावा होतो. श्रिंकेजचा (थंड होताना धातू आकसतो त्याचा) स्केल सगळ्यात शेवटी. ग्रे आयर्नला साधारण १.०१ धरतात, पण फाउंड्रीला विचारून घ्या. स्केल ओरिजिनभोवती घ्या, सेंट्रॉइडभोवती (आकाराच्या मध्यबिंदूभोवती) नको, कारण एका बाजूला ड्रेनचा बॉस असला की सेंट्रॉइड सरकतो आणि मधली प्लेन पार्टच्या मध्यावर राहत नाही.

अर्ध्या मॉडेलवर स्ट्रेस ॲनालिसिस करणार असाल तर लोडही दोन्ही बाजूंना सारखा हवा. कंपनाची फ्रिक्वेन्सी काढायची असेल तर पूर्ण मॉडेलच घ्या, अर्ध्यात काही मोड (कंपनाचे प्रकार) दिसतच नाहीत.

आणि "उद्या एकच बाजू बदलायची झाली तर?" हा पूर्ण काढणाऱ्यांचा ठरलेला प्रश्न. फीचर मिरर असेल तर तेवढा बॉस मिररच्या यादीतून काढा आणि दुसऱ्या बाजूला वेगळा काढा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि कुठली बाजू वेगळी आहे ते ट्रीमध्येच दिसतं.