वारा कुठला, पान का हलेना?

प्रश्न : मी परळला राहते. भाऊ देवगडजवळच्या गावात आंब्यावर फवारणी करतो. मोबाइलवर वाऱ्याच्या अंदाजात दुपारी ‘वायव्य, १८’ दिसलं की मी त्याला फोनवर थांबवते. तो म्हणतो, इथं पानही हलत नाही! खरं कोण?

उत्तर : ताई, दोघंही. वायव्य म्हणजे वारा वायव्येकडून येतो; तिकडे जातो असं मीही कैक वर्षं समजत होतो. १८ च्या शेजारचं एकक बघा. नॉट (म्हणजे ताशी सागरी मैल) असेल तर ताशी ३३ किलोमीटर, म्हणजे चांगलाच वारा. पण हा आकडा साधारण १० मीटर उंचीवरच्या मोकळ्या वाऱ्याचा, तोही काही किलोमीटरच्या चौकोनाचा मिळून. भावाची बाग डोंगराच्या आडोशाला असेल तर तिथं शांतच वाटणार.

खरी गंमत वेळेची. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून हलका मतलई वाहतो. ऊन तापलं की तो पडतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटतो. आमच्या दादरच्या गच्चीवरचे पापड रोज दुपारीच उडतात! म्हणून दिवसाचा एकच आकडा नको, तासातासाचा अंदाज बघा, झोतांचा, म्हणजे मधूनच येणाऱ्या जोरदार वाऱ्याचा, वेगळा आकडाही. आणि फोन सकाळी सातला करा, भाऊ पंप भरायच्या आत.