कमांडची नावे: नियम कोणता ठेवावा आणि जुन्या नावांचे काय करावे?

प्रश्न: आम्ही काही जण मिळून एक छोटा टेक्स्ट एडिटर तयार करत आहोत. कमांड वाढत गेल्या तशी त्यांच्या नावांची सरमिसळ झाली आहे. एकीला 'डिलीट-लाइन' म्हटले आहे, दुसरीला 'वर्ड-रिमूव्ह', तर तिसरीला नुसतेच 'क्लीनअप'. एक नियम ठरवून सगळी नावे एकदाच बदलून टाकावीत असे मला वाटते, पण सहकाऱ्यांना ते धोक्याचे वाटते. काय करावे?

उत्तर: नियम हवा हे तुमचे म्हणणे बरोबर आहे आणि धोक्याची जाणीव करून देणारे तुमचे सहकारीही बरोबर आहेत. अंतर्गत फंक्शनचे (प्रोग्रामच्या आतच वापरल्या जाणाऱ्या कोडच्या तुकड्याचे) नाव बदलले, तर ते जिथे जिथे वापरले आहे तिथे तुम्ही स्वतः दुरुस्ती करू शकता. कमांडचे तसे नसते. वापरकर्त्यांनी आपापल्या सेटिंगच्या फाइलींत त्या नावाला शॉर्टकट जोडलेले असतात, त्यावर मॅक्रो (अनेक कमांड एकत्र चालवणारे संच) रचलेले असतात, आणि त्या फाइलींपर्यंत तुमचा हात पोहोचत नाही.

म्हणून आधी कमांडची ओळख (फाइलींत लिहिले जाणारे नाव) आणि तिचे शीर्षक (पडद्यावर दिसणारे नाव) वेगळे करा. व्हीएस कोड या एडिटरमध्ये 'एडिटर.ॲक्शन.कमेंटलाइन' ही ओळख शॉर्टकटच्या फाइलमध्ये लिहिली जाते. पॅलेटमध्ये, म्हणजे कमांड शोधण्याच्या यादीत, दिसणारे शीर्षक निराळे असते आणि भाषेनुसार बदलते. शीर्षक कधीही सुधारता येते, ओळखीला मात्र शक्यतो हात लावू नये.

शब्दांच्या क्रमाबाबत इमॅक्स या एडिटरची 'फॉरवर्ड-वर्ड', 'किल-वर्ड', 'ट्रान्सपोज-वर्ड्स' ही नावे पाहा: आधी क्रिया, मग ती कशावर करायची ते. वस्तू आधी ठेवल्यास यादीत संबंधित कमांड शेजारी येतात हे खरे, पण नावाच्या कोणत्याही भागावरून शोध घेता येत असेल तर तो फायदा फारसा उरत नाही. मी क्रियेला अग्रक्रम देईन.

याहून महत्त्वाचे म्हणजे एका क्रियापदाला एकच अर्थ हवा. इमॅक्समध्ये 'किल-लाइन'ने काढलेला मजकूर किल रिंगमध्ये (काढलेला मजकूर जपणाऱ्या साठ्यात) साठतो आणि परत आणता येतो. 'डिलीट-हॉरिझॉन्टल-स्पेस'ने काढलेल्या मोकळ्या जागा तिथे जात नाहीत. क्रियापदावरूनच वर्तन कळते. तुमच्या 'डिलीट' आणि 'रिमूव्ह' यांच्यात असा फरक नसेल, तर त्यांपैकी एक काढून टाका. 'क्लीनअप'मधून तर काय साफ होणार हेच कळत नाही. 'डिलीट-ट्रेलिंग-व्हाइटस्पेस' (ओळीच्या शेवटच्या मोकळ्या जागा काढणे) हे नाव लांब असले, तरी नाव आपोआप पूर्ण होण्याची सोय असल्यावर लांबीची अडचण होत नाही.

एक्स्टेन्शनला (इतरांनी लिहिलेल्या जोडसुविधांना) वाव देणार असाल, तर नावांची हद्द आजच आखा. इमॅक्स लिस्पमध्ये, म्हणजे इमॅक्सच्या प्रोग्रामिंग भाषेत, सर्व नावे एकाच सामायिक जागेत राहतात, म्हणून प्रत्येक पॅकेज आपला उपसर्ग लावते आणि अंतर्गत नावांत उपसर्गानंतर दोन जोडरेघा देण्याचा प्रघात आहे. व्हिम या एडिटरमध्ये वापरकर्त्याने तयार केलेली कमांड मोठ्या (कॅपिटल) इंग्रजी अक्षरानेच सुरू व्हावी लागते, त्यामुळे मूळ कमांडशी तिची टक्कर होत नाही.

जुन्या नावांसाठी पर्यायी नावाची सोय ठेवा. इमॅक्समध्ये 'डिफाइन-ऑब्सोलीट-फंक्शन-अलायस' वापरून जुने नाव चालू ठेवता येते आणि ते कोणत्या आवृत्तीपासून कालबाह्य झाले याचीही नोंद होते. तुम्हीही जुने नाव वापरले गेल्यावर नवे नाव सुचवणारी सूचना दाखवा आणि ते पुढच्या एखाद्या मोठ्या आवृत्तीतच, बदलांच्या यादीत स्पष्ट लिहून, काढा. सुरुवात 'क्लीनअप'पासून करावी. वापरकर्त्यांची सर्वाधिक दिशाभूल त्याच नावाने होत असणार.