जामीन मंजूर, पण जामीनदार ‘तिथलाच’ हवा

प्रश्न : भाऊ ऊसतोडीला कोल्हापूरकडं गेला होता. फडावरच्या भांडणात अटक झाली. जामीन मंजूर होऊन महिना उलटला, पण जामीनदार तिथलाच आणा म्हणतात. आमचा सातबारा धारूरचा. काय करू?
– एक बहीण, बीड जिल्हा

उत्तर : ताई, दर हंगामात अशी माणसं माझ्याकडं येतात आणि दरवेळी जीव तुटतो. मोतीराम या मध्य प्रदेशातल्या गवंड्याचं हेच झालं होतं. जामीनदार भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात, म्हणून नाकारली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं ते चूक ठरवलं आणि १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर, म्हणजे त्याच्या स्वतःच्याच हमीवर, त्याला सोडायला लावलं.

ज्या कोर्टानं भावाला जामीन दिला, तिथंच अट शिथिल करण्याचा अर्ज द्या. सोबत सातबारा, आठ-अ, आधार आणि तहसीलचा ऐपतीचा दाखला जोडा. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशाचा उल्लेख वकिलाला आवर्जून करायला सांगा. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलण्याचा विचार करू शकतं, असं त्यात आहे. कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरण वकील फुकट देतं.

कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीनदार उभा करणारे भेटतील. त्यांच्या नादी अजिबात लागू नका. आणि भाऊ सुटला की तारखा मात्र चुकू देऊ नका, फड कुठंही असो.